इंजिन निवडण्याआधी गेममधली कृती निवडा

गेम बनवायला शिकू पाहणारे मला हमखास विचारतात, कोणतं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, घेऊ? मी उलट विचारतो, तुझ्या गेममध्ये खेळणारा सतत काय करणार? उड्या मारणार, नेम धरणार, की संवाद वाचून पर्याय निवडणार? हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत काहीही डाउनलोड करू नका.

पर्याय निवडत पुढे जाणारी गोष्ट असेल तर ट्वाइन घ्या. कोड न लिहिताही पहिली गोष्ट खेळण्याजोगी होते. भव्य थ्रीडी जग हवं असेल तर अनरियल. त्यात ब्लूप्रिंटमुळे, म्हणजे कोडऐवजी ठोकळे जोडून, सी प्लस प्लस ही भाषा न शिकताही सुरुवात होते, पण कॉम्प्युटर दणकट लागतो.

टूडी गेमसाठी मी गोडोच सुचवतो. त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथॉनच्या वळणाची आहे आणि परवाना एमआयटीचा, म्हणजे गेम कितीही विकला तरी इंजिनाला काही द्यावं लागत नाही. परवाना आधीच वाचा, असं मी कळकळीने सांगतो. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, तेव्हा अर्धवट गेम हातात असलेल्यांची झोप उडाली. वर्षभराने ते रद्द झालं. मोबाइल गेम आणि सी शार्प भाषा यांच्यासाठी युनिटी आजही चांगलं आहे.

आता खरं काम. चित्रं नकोत, मेनू नको. एक रंगीत चौकोन, खाली जमीन, आणि उडी. गोडोत कॅरेक्टरबॉडी-टूडी हा पात्र हलवण्यासाठीचा तयार घटक घ्या. वेगात गुरुत्वाकर्षण मिळवताना त्याला डेल्टाने, म्हणजे दोन फ्रेममधल्या वेळेने, गुणा, पण पात्र हलवणाऱ्या मूव्ह-अँड-स्लाइड या फंक्शनला वेग देताना पुन्हा गुणू नका. तो हिशेब ते स्वतः करतं. वाय अक्ष खाली वाढतो, म्हणून उडीचा वेग उणे.

चौकोन उडाला की थांबू नका, इथेच रेंगाळा. खाली येताना गुरुत्वाकर्षण थोडं वाढवून पाहा, उडी लगेच ठसठशीत वाटते. बटण लवकर सोडलं तर उडी छोटी करा. कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मारू द्या. याला कोयोटी टाइम म्हणतात. खेळणाऱ्याला ही सवलत दिसत नाही, पण गेम आपलं ऐकतो असं त्याला वाटतं.

मग तो चौकोन दुसऱ्या कुणाच्या हाती द्या आणि काहीही न सांगता बघत बसा. तो स्वतःहून पुन्हापुन्हा उड्या मारू लागला, तर चित्रांकडे वळा. केनी या संकेतस्थळाच्या संग्रहातली सीसी-झीरो, म्हणजे कुणालाही परवानगी न घेता मोफत वापरता येणारी, चित्रं पहिल्या गेमला पुरेशी आहेत.