पॉडकास्टसाठी प्रायोजक कसा मिळवावा

आधी आपला खरा आकडा काढा. आजवरच्या एकूण डाउनलोड्समध्ये प्रायोजकाला फारसा रस नसतो. एक भाग आल्यापासून 30 दिवसांत किती डाउनलोड झाला, हे तो विचारतो. होस्टिंग सेवेच्या डॅशबोर्डवरून शेवटच्या काही भागांची सरासरी काढा. अचानक गाजलेला एखादा भाग त्यात धरू नका. मोजणी आयएबी या डिजिटल जाहिरात क्षेत्रातल्या संस्थेच्या निकषांनुसार आहे ना, तेही बघा. त्या निकषांत किमान एक मिनिटाचा ऑडिओ उतरला तरच डाउनलोड धरतात.

मग भाव. तो बहुतेक सीपीएमने, म्हणजे हजार डाउनलोडमागे ठरतो. भागाला दीड हजार डाउनलोड असतील, तर एका जाहिरातीचे हजारी दराच्या दीडपट पैसे. मधे येणाऱ्या मिड-रोलला सहसा सर्वांत जास्त दर, सुरुवातीच्या प्री-रोलला त्याहून कमी, शेवटच्या पोस्ट-रोलला सगळ्यात कमी. तिथवर ऐकत बसतो कोण?

श्रोते शेकड्यांत असतील तर हा हिशेब करूच नका, हाती काही लागणार नाही. त्याऐवजी ते कोण आहेत ते विका. मधमाशीपालनावरचा पॉडकास्ट चारशेच जण ऐकत असतील, पण मधपेट्या विकणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. अशा वेळी महिन्याची ठरावीक रक्कम मागा, किंवा प्रत्येक विक्रीमागे कमिशन. मला ठरावीक रक्कम बरी वाटते. कमिशनमध्ये माल खपला नाही तर जाहिरात फुकटात वाजते.

प्रायोजक शोधताना तुमच्या विषयाच्या इतर पॉडकास्टवर कोण जाहिरात करतं याची यादी करा. त्यात तुम्ही स्वतः वापरता ती उत्पादनं वर घ्या. पत्र चार ओळींचं पुरे: ‘माझा पॉडकास्ट अमुक विषयावर आहे. दर भागाला सरासरी इतके डाउनलोड होतात, श्रोते बहुतेक नवे मधपाळ आहेत. तुमच्या पेट्या मी स्वतः वापरतो. तीन भागांसाठी प्रायोजकत्व घ्याल का?’ सोबत एका पानाचं मीडिया किट, म्हणजे पॉडकास्टची ओळख आणि आकडे देणारं पत्रक, जोडा. एकाच भागाचा सौदा शक्यतो टाळा. पहिल्यांदा ऐकून लगेच खरेदी करणारे थोडेच.

जाहिरात स्वतःच्या शब्दांत वाचा. कंपनीकडून मुद्दे घ्या, तयार संहिता नको. घोकलेलं वाक्य श्रोत्याला लगेच कळतं आणि तो पुढे सरकवतो. ही जाहिरात आहे हे मात्र स्पष्ट सांगा. तुमच्यासाठी वेगळा सवलत कोड मागून घ्या, कारण किती विक्री तुमच्यामुळे झाली हे त्यावरूनच दिसतं. पुढचा करार बहुधा त्याच आकड्यावर होतो.

पैसे 30 दिवसांत मिळणार की 60, हे लेखी घ्या. जाहिरात भागात कायमची राहणार की डायनॅमिक पद्धतीने नंतर काढता येणार, तेही. प्रतिस्पर्ध्याची जाहिरात न घेण्याची अट असेल तर तिला मुदत घाला आणि तिचे वेगळे पैसे लावा.