कोयत्याची धार तुटायची, तिचा उपाय

ट्रकच्या जुन्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) कोयता घडवला, पण ऊस तोडताना धारेचे टवके उडायचे. तुटलेल्या जागी साखरेसारखा जाड दाणा दिसला, म्हणजे पोलाद जास्त तापलेलं. कारण आमचं बीडचं ऊन! भर उजेडात तापलेला रंग मंद दिसतो, हात भाता मारतच राहतो.

भट्टी शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली, चुंबक जवळ ठेवला. साधारण ७७० अंशांना पोलाद चुंबकाला धरत नाही. त्याच्या थोडं वर नेऊन तीनदा हवेतच निवू दिलं, दाणा बारीक झाला. मग पुन्हा तापवून कोमट तेलात बुडवलं. पाण्यात अजिबात नको, या पोलादाला तडा जातो. कानस धारेवरून घसरली की पाणी बसलं, म्हणजे धार कडक झाली. लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास ठेवलं. टवके थांबले.