घरासाठी लाकडावरची पिझ्झा भट्टी निवडताना

नाशिकमध्ये बंगल्याच्या अंगणात किंवा मोकळ्या गच्चीवर ठेवता येईल अशी, उचलून हलवता येणारी लाकडाची पिझ्झा भट्टी घेताना सर्वप्रथम तिच्या भिंती तपासाव्यात. इटलीतील नेपल्स शहराच्या पद्धतीचा पिझ्झा सुमारे ४३० ते ४८० अंश सेल्सिअस तापमानात ६० ते ९० सेकंदांत भाजला जातो. एकेरी पत्र्याच्या भट्टीत एवढी उष्णता टिकवणे फार कठीण जाते, म्हणून दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक थर असलेली भट्टीच घ्यावी, मग ती थोडी जड असली तरी चालेल.

तळाचा दगड कॉर्डिएराइटचा (अचानक तापल्यावरही सहसा न तडकणाऱ्या सिरॅमिकचा) आणि पुरेसा जाड असावा. पातळ दगड पहिल्या पिझ्झानंतर लवकर निवतो आणि पुढचा पिझ्झा वरून करपूनही खालून कच्चा राहतो. चौघांच्या कुटुंबाला १२ इंची पिझ्झा मावेल एवढी भट्टी पुरते.

लाकूड बाभळीचे, पूर्ण वाळलेले आणि बारीक चिरलेले वापरावे, कारण लहान भट्टीत जाड ओंडका पेटण्याऐवजी धुमसत राहतो. द्राक्षबागांच्या छाटणीतील काड्या आपल्याकडे सहज मिळतात, परंतु बागांवर औषधांची फवारणी होत असल्याने त्या अन्न भाजण्यासाठी वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. जळण टाकण्याचे दार मागे असल्यास पिझ्झा भाजताना आच सांभाळणे सोपे जाते. बंद बाल्कनीत मात्र भट्टी कधीही पेटवू नये. तेथे कार्बन मोनॉक्साइड साचून जिवाला धोका होतो.