घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी काय ठरवायचं आणि काय नंतरवर ठेवायचं

बाबा गेले तेव्हा पहिल्या दोन तासांत मला इतक्या जणांनी इतकं काय काय विचारलं, फोटो कुठला लावायचा, पेपरात द्यायचं का, कोण बोलणार, हॉल बघायचा का, आणि मी सगळ्याला नुसतं हो हो करत गेलो. त्यातलं निम्मं त्या दिवशी ठरवायची गरजच नव्हती. त्यामुळे आता ओळखीत कुणाकडे असं झालं की मी पहिलं हेच सांगतो, एक वही घ्या, मधे रेघ मारा, एका बाजूला "आज" आणि दुसऱ्या बाजूला "नंतर". वही एकाच माणसाकडे राहू दे, आणि शक्यतो तो माणूस सगळ्यात जवळचा नसावा, जावई, चुलतभाऊ, जुना मित्र असा कुणीतरी, ज्याचं डोकं त्या वेळी चालतंय.

"आज"मध्ये खरं तर थोडंच येतं. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं आणि कशामुळे झाल्याचं लिहून देणं हे पहिलं, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. मृत्यू अचानक किंवा अपघाती असेल तर काही हलवू नका, आधी पोलिसांना कळवा. कागदावर नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहिलंय ना ते तिथल्या तिथे बघा, एका अक्षराची चूक नंतर बँकेत आणि विम्यात फार छळते. नेत्रदान करायचं असेल तर साधारण ६ तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून नेत्रपेढीला फोन सगळ्यात आधी, आणि तोपर्यंत पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोकं उशीवर थोडं उंच ठेवा. दहन करणार असाल आणि पेसमेकर बसवलेला असेल तर ते आठवणीने सांगा, उष्णतेने त्याची बॅटरी फुटते, तो आधी काढावाच लागतो. लांबून कुणी येणार असेल तर शवपेटीची किंवा शीतगृहाची सोय विचारा. आणि दहन की दफन, धार्मिक विधी की नुसती प्रार्थना, हे ठरवताना आधी एकच प्रश्न विचारायचा, त्यांनी स्वतः कधी काही बोलून किंवा लिहून ठेवलं होतं का? असेल तर विषय संपला, तेच करायचं.

कळवण्याचं काम वाटून द्या, पण अगदी जवळच्यांना फोनच करा. आमच्या एका मावशीला सख्ख्या भावाची बातमी व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली, ती गोष्ट तिच्या मनातून अजून गेलेली नाही. आधी आठ-दहा फोन, मग एक मेसेज, त्यात नाव, कधी गेले, कुठे आणि किती वाजता जमायचं, आणि माहितीसाठी कुणाला फोन करायचा (घरच्यांना नाही, वहीवाल्याला). जाहीर निवेदनात घरचा पत्ता आणि पूर्ण जन्मतारीख टाकू नका. घर रिकामं कधी असणार हे सगळ्यांना सांगितल्यासारखं होतं, आणि जन्मतारखेचा गैरवापर होऊ शकतो.

मुलांना "झोपलेत" किंवा "लांब गेलेत" असं सांगू नका प्लीज. लहान मूल मग झोपायला घाबरतं, नाहीतर वाट बघत बसतं. मेले, आता परत येणार नाहीत, असं साध्या शब्दांत सांगा. यायचं का ते त्यांना विचारा आणि मधेच बाहेर नेऊ शकेल असं एक माणूस त्यांच्यासोबत ठेवा.

आता श्रद्धांजली सभा. ही "नंतर"मध्ये गेली तरी चालते, दोन आठवड्यांनी, महिन्याने, आणि मला तर वाटतं उशिराच बरी, तोपर्यंत लोकांना नीट आठवायला लागलेलं असतं. एक तासाच्या आत संपवा, बोलणारे तीन किंवा चार, प्रत्येकी चार-पाच मिनिटं, म्हणजे लिहिलेलं साधारण ५०० शब्द. घरी मोठ्याने वाचून वेळ लावून बघा, मनातल्या मनात वाचलेलं नेहमी कमीच भरतं. "प्रेमळ होते, कष्टाळू होते" हे कुणाबद्दलही म्हणता येतं, त्यापेक्षा एकच प्रसंग सांगा. माझ्या बहिणीने फक्त बाबा रोज रात्री सगळ्या दारांच्या कड्या दोनदा कशा तपासायचे एवढंच सांगितलं आणि अख्ख्या हॉलला बाबा दिसले. भाषणाची एक प्रत दुसऱ्या कुणाकडे द्या, आवाज गेला तर तो पुढे वाचेल.

फोटो मोठा करायचा असेल तर व्हॉट्सअॅपवर आलेला वापरू नका, तो दाबून लहान झालेला असतो, ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. ए३ साइजला चांगली प्रिंट यायला अंदाजे ३५०० बाय ५००० पिक्सेल लागतात. जुना फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो नको, स्कॅन करा.

त्यांचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका! बँकेचे, विम्याचे मेसेज त्यावर येत राहतात, आणि व्हॉट्सअॅपमधले व्हॉइस मेसेज आधी दोन ठिकाणी सेव्ह करून घ्या. फेसबुकला कळवलं तर अकाउंट स्मृतिरूपात ठेवता येतं. मृत्यूच्या दाखल्याच्या जास्त प्रती एकदमच घ्या, दर वेळी नवीन अर्ज करत बसण्यापेक्षा ते सोपं.

आणि सभेला येणाऱ्यांना कोरं पुस्तक देऊन "काहीतरी लिहा" म्हणू नका, सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहून मोकळे होतात. छोटी कार्डं ठेवा आणि एकच नेमका प्रश्न विचारा. आम्ही "त्यांनी तुम्हाला काय शिकवलं?" असं विचारलं होतं. एकाने लिहिलं, सायकलचं पंक्चर काढायला. दुसऱ्याने लिहिलं, नोकरी गेली तेव्हा बाबांनी त्याच्यासोबत बसून त्याचा अर्ज तीनदा लिहून घेतला, जे आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं. फक्त कार्डाच्या मागे नाव आणि फोन नंबर लिहून घ्या, आमच्याकडे अकरा कार्डांवर नाव नाहीये आणि त्या अर्जवाल्याला आम्ही अजून शोधतोय.