जहाजं मोजू नका: कुठल्या देशाचं सैन्य खरंच तयार आहे ते असं बघा

4 डिसेंबर 2023 ला नौदल दिन मालवणला झाला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांमध्ये डिफेन्सचा नाद चांगलाच वाढलाय आणि ही खूप चांगली गोष्ट आहे. पण ग्रुपवर रोज चार्ट फिरतात, अमेरिकेची जहाजं इतकी, चीनची तितकी, रशियाचे रणगाडे अमुक, आणि त्यावरून रात्री बारापर्यंत वाद. सैन्यात अधिकारी व्हायला एनडीए-सीडीएस परीक्षांची तयारी करणारे पण तेच पाठ करतात म्हणून सविस्तर लिहितोय. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला जेटीला लागलेले ट्रॉलर मोजून उद्या मासळी किती येणार ते कोणी सांगतं का? डिझेल भरलंय का, बर्फ आहे का, तांडेल-खलाशी आलेत का, इंजिन खोलून ठेवलंय का, हे विचारतो आपण. सैन्याबद्दल पण हेच विचारायचं.

पहिल्यांदा ठरवा की तयार कशासाठी, कुठे आणि किती दिवसांत. "कोण भारी" याला उत्तरच नाही. तैवानची सामुद्रधुनी अरुंद जागी साधारण 130 किमी आहे, चीनला ती दारात, अमेरिकेला मात्र अख्खा पॅसिफिक ओलांडून यायचंय. जहाजं दोघांची सारखी धरली तरी तिथे पहिल्या आठवड्यात हजर किती असतील ते सारखं नसणार.

मग वजाबाकी करा, खरं काम इथेच आहे. अमेरिकेच्या 11 विमानवाहू नौका सगळ्यांना पाठ असतात, पण साधारण हिशोब असा की एक तृतीयांश मोहिमेवर, एक तृतीयांश सरावात आणि उरलेल्या दुरुस्तीला, म्हंजे लगेच लढायला तीन-चार, थोडी मुदत मिळाली तर अजून एक-दोन. यूएसएस बॉईस ही अणुपाणबुडी 2015 ला मोहिमेवरून परत आली, गोदीत जागाच नाही, 2017 ला तिची पाण्याखाली जायची परवानगी पण गेली आणि नंतर कित्येक वर्षं ती धक्क्यालाच होती. रशियाची एकुलती एक विमानवाहू कुझनेत्सोव्ह, 2018 ला तिची तरंगती गोदी बुडाली, 2019 ला तिच्यावर आग लागली, तरी चार्टमध्ये "1" लिहिलेलं असतंच. जर्मनीच्या तर 2017 च्या शेवटी सहाच्या सहा पाणबुड्या बंद होत्या. विमानांचं पण तसंच, मार्च 2023 ला अमेरिकेची एफ-35 विमानं मोहिमेला लायक असण्याचं प्रमाण 55 टक्क्यांच्या आसपास होतं, हे त्यांच्याच संसदेच्या ऑडिट संस्थेने, जीएओने, छापलंय.

आणि इथे एक सापळा आहे, नीट वाचा. अमेरिका स्वतःचे दोष छापते, चीन छापत नाही. म्हणून वाचताना अमेरिका मोडकळीला आल्यासारखी वाटते आणि चीन चकाचक. माहिती नाही म्हणजे दोष नाही असं धरू नका. 2023 ला चीनच्या रॉकेट फोर्सचे, म्हंजे क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या दलाचे, वरचे अधिकारी बदलले गेले आणि त्याच वर्षी संरक्षणमंत्री ली शांगफू हटवले गेले, अशा बातम्यांतूनच आतलं थोडंफार दिसतं.

माणसं बघा. 2017 ला यूएसएस फिट्झजेराल्ड आणि जॉन मॅक्केन या विनाशिका दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांवर आपटल्या, 17 खलाशी गेले, आणि चौकशीत निघालं काय तर कमी झोप, अपुरं ट्रेनिंग, मुदत संपलेली सर्टिफिकेटं. जहाजं आधुनिकच होती. चीनचं शेवटचं मोठं युद्ध 1979 चं, व्हिएतनामशी, पण त्यावरून लगेच "त्यांना लढता येत नाही" म्हणू नका, अमेरिकेचा इराक-अफगाणिस्तानचा अनुभव पण अशा शत्रूंशी होता ज्यांच्याकडे सांगण्यासारखं नौदलच नव्हतं.

सरावाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. रशियाने व्होस्तोक 2018 ला तीन लाख सैनिक असल्याचं सांगितलं, आणि 2022 ला युक्रेनमध्ये कीव्हच्या उत्तरेला त्यांचा 60 किमीचा ताफा इंधन, टायर आणि रसद यांच्यापायी अडकून पडला. म्हणून साठा आणि कारखाना विचारा. अमेरिका युक्रेन युद्धाआधी 155 मिमीचे तोफगोळे महिन्याला 14 हजारच्या आसपास बनवायची, मोठ्या लढाईत इतके काही दिवसांत उडतात.

टेबल करताना प्रत्येक देशाला चार कप्पे द्या, माणसं, हातातलं साहित्य, साहित्याची अवस्था, ट्रेनिंग. अमेरिकन सैन्य आपल्या युनिट्सना असंच मोजतं आणि साधारणपणे चारातला सगळ्यात खालचा दर्जा तोच युनिटचा दर्जा धरतं, सरासरी काढत नाही. तुम्ही पण काढू नका, कारण भारी ट्रेनिंगने रिकामी टाकी भरत नाही. प्रत्येक आकड्यापुढे महिना-वर्ष लिहा, माहिती नसेल तिथे कप्पा रिकामा ठेवा, अंदाज घुसडू नका.

सुरुवातीला सगळं सैन्य अंगावर घेऊ नका, फक्त पाणबुड्या किंवा फक्त विमानवाहू नौका घ्या. जीएओचे अहवाल आणि पेंटागॉनचा, म्हंजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, चीनवरचा वार्षिक अहवाल दोन्ही फुकट मिळतात, इंग्रजी जड वाटलं तरी आधी दुरुस्ती आणि रसदीची प्रकरणं वाचा, जहाजांची यादी शेवटी.