अटकेनंतर येणारा जामिनाचा फोन: घरात आधीच करून ठेवायची तयारी

अमेरिकेत घरातल्या कुणाला अटक झाली, की काही तासांतच शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, नावाने फोन येऊ शकतो: "शेरीफ ऑफिसमधून बोलतोय. एवढे डॉलर आत्ता भरलेत, तर मुलगा रात्रीच घरी येईल." अटक खरी असते, फोन खोटा असतो, आणि म्हणूनच शहाणी माणसंही फसतात. अनेक काउंटींचे (जिल्ह्यांचे) तुरुंग अटकेतल्या माणसाचं नाव, आरोप, बुकिंग नंबर (तुरुंगातल्या नोंदीचा क्रमांक), जामिनाची रक्कम आणि फोटोसुद्धा वेबसाइटवर टाकतात. ठग ही माहिती तिथूनच उचलतात. त्यामुळे बोलणाऱ्याला सगळे तपशील अचूक माहीत आहेत, यावरून काहीही सिद्ध होत नाही. स्क्रीनवर शेरीफ ऑफिसचाच नंबर दिसत असेल, तरी तो बनावट असू शकतो.

म्हणून घरात आजच ठरवून टाका: आलेल्या फोनवर पैसे द्यायचे नाहीत. फोन ठेवायचा आणि नंबर स्वतः शोधून उलटा फोन लावायचा. मुक्कामाला आलेल्या आईबाबांना हे दोनदा सांगा. फोन त्यांनी उचलला आणि "कुणाला सांगू नका" असं कानावर पडलं, तर ते खरोखरच कुणाला सांगणार नाहीत.

मग एक कागद तयार करा. आपण राहतो ती काउंटी, मुलं शिकतात किंवा नोकरी करतात त्या काउंटी. प्रत्येक ठिकाणच्या तुरुंगाचा आणि कोर्टाच्या क्लर्कचा नंबर सरकारी वेबसाइटवरून उतरवा. एका क्रिमिनल वकिलाचा नंबर हवाच. इमिग्रेशनचं काम करणारा वकील वेगळा. प्रत्येकाचं पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं आणि जन्मतारीख लिहा. आपल्या नावांत वडिलांचं नाव आणि आडनाव यांची नोंदीत सहज अदलाबदल होते, तेव्हा कैद्यांच्या यादीत दोन्ही तऱ्हांनी शोधा. बुकिंगला काही तास लागू शकतात. तोवर नाव न दिसणं स्वाभाविक आहे. अटकेत मोबाइल काढून घेतात, म्हणून घरातले दोन नंबर सगळ्यांना पाठ हवेत. तुरुंगातून आलेल्या फोनवर बहुधा आधी रेकॉर्ड केलेली सूचना ऐकू येते, आणि पुढचं बोलणंही रेकॉर्ड होतं. कुठे आहेस, बरा आहेस ना, एवढंच विचारा. प्रकरणाबद्दल बोलू नका.

जामिनाची रीतही आधीच समजून घ्या. पूर्ण रक्कम कोर्टात भरली आणि आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला, तर ती सहसा परत मिळते, काही ठिकाणी शुल्क कापून. बाँड एजंट, म्हणजे फी घेऊन आरोपीच्या जामिनाची हमी देणारा व्यावसायिक, मात्र साधारण १०% घेतो आणि ते परत येत नाहीत. १०,००० डॉलरच्या जामिनावर १,००० गेले ते गेलेच. इलिनॉय, केंटकी, ऑरेगन आणि विस्कॉन्सिन इथे असा धंदाच चालत नाही. इलिनॉयने तर सप्टेंबर २०२३ पासून पैशांचा जामीनच बंद केला. तिथल्या काउंटी तुरुंगातल्या माणसासाठी बाँडचे पैसे मागणारा फोन सरळ कापा. इतर राज्यांत एजंटचं नाव आणि लायसन्स नंबर विचारा आणि तो तपासा. बहुतेक राज्यांत ही नोंद विमा विभागाकडे असते. मग त्याच्या ऑफिसात जा, करार वाचा, पावती घ्या. गिफ्ट कार्ड, बिटकॉइनचं मशीन, अनोळखी माणसाच्या नावावर झेलने (Zelle, बँकेतून लगेच पैसे पाठवायची सोय) पैसे, घरी येऊन रोकड नेणारा कुरिअर, किंवा "घोट्यावरच्या मॉनिटरचे (पायाला बांधून आरोपीवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचे) पैसे आधी भरा": यातलं काहीही आलं, की बोलणं तिथेच थांबवा.

आयसीईने (इमिग्रेशन कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय खात्याने) ताब्यात घेतलं असेल, तर शोध त्यांच्या ऑनलाइन लोकेटरवर घ्यावा लागतो. त्यासाठी ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने परदेशी व्यक्तीला दिलेला क्रमांक) किंवा नाव लागतं, आणि दोन्ही वेळी जन्मदेश. कागदावर ए-नंबर आणि जन्मदेशही लिहून ठेवा.

आता आवाजाची नक्कलही करता येते. बाहेरच्या कुणालाच ठाऊक नसलेला एक शब्द घरात ठरवा. रडणाऱ्या आवाजालाही तो विचारायचाच, मन कितीही घट्ट करावं लागलं तरी.

पैसे गेलेच असतील, तर लाजेपायी वेळ घालवू नका. लगेच बँकेला फोन करा. गिफ्ट कार्ड असेल, तर कार्ड आणि पावती जपून ठेवून ते काढणाऱ्या कंपनीला कळवा. एफटीसीकडे (ग्राहकांचं हित पाहणारं केंद्रीय खातं) आणि एफबीआयच्या आयसी३ कडे (इंटरनेटवरच्या गुन्ह्यांचं तक्रार केंद्र) तक्रार नोंदवा. साठीपुढच्या व्यक्तींसाठी ८३३-३७२-८३११ ही मदतवाहिनी आहे. नंतर कुणी "थोडी फी भरा, बुडालेले पैसे मिळवून देतो" म्हणाला, तर त्यालाही एक डॉलर देऊ नका.