मठाच्या रुमालातली इनामपत्रं : वाचायची कशी, तपासायची कशी

मठाच्या दप्तरात अध्यात्म कमी आणि जमीनजुमला जास्त सापडतो. इनामपत्रांसारखे (जमीन किंवा गावाचं उत्पन्न बहाल केल्याची पत्रं), उत्पन्नाचा हक्क शाबीत करणारे कागदच पिढ्यान्‌पिढ्या जपले जातात. तंटा हरलेला कागद क्वचितच टिकतो, हे धरूनच वाचायला बसावं.

रुमाल (जुने कागद बांधलेलं फडकं) सोडण्याआधी त्याचा फोटो घ्या. कागद निघतील तोच क्रम ठेवा. क्रमांक कागदावर नको, वेगळ्या चिठ्ठीवर घाला. पाठकोऱ्या बाजूचाही फोटो हवाच. कागद एकमेकांना चिकटवलेल्या जोडांवरचे शिक्के आणि दफ्तरी शेरे तिथेच असतात.

मग असल की नक्कल ते ठरवा. नक्कल करणारा शिक्क्याच्या जागी नुसता मजकूर उतरवतो. इनामपत्राच्या शेवटी बहुधा असं असतं : या पत्राची प्रति लिहोन घेऊन मूळ पत्र भोगवटियास परतोन देणे. म्हणजे असल मठात, प्रत सरकारात. मठात नुसती नक्कलच असेल तर अक्षराचं वळण आणि कागद कोणत्या काळातला, ते आधी बघा. ‘खेरीज हकदार व इनामदार’ (म्हणजे इतर हकदार आणि आधीचे इनामदार वगळून) हे शब्द मात्र सोडू नका. सगळं गाव मठाला मिळालं असा गैरसमज तिथेच होतो. जमीन चावरात असेल तर साधारण १२० बिघ्यांचा एक चावर.

खरी मेख तारखेत. ‘अर्बा सबैन व अलफ’ म्हणजे ४ + ७० + १०००, शुहूर सन (अरबी संख्याशब्दांत लिहिली जाणारी जुन्या कागदांतली कालगणना) १०७४. हे वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. म्हणून हा सन १६७३-७४. सबा (७) आणि सबैन (७०), समान (८) आणि समानीन (८०) घाईच्या मोडीत सहज गफलत करतात, आणि पत्र अर्धशतकाहून जास्त सरकतं. शिवाय महिने हिजरी, म्हणजे चांद्र. बारा चांद्र महिने सुमारे ३५४ दिवसांत संपतात. त्यामुळे मृगाच्या आसपासच्या दहा-अकरा तारखा एकाच शुहूर सनात दोनदा येतात. अशा वेळी वार किंवा शक दिलेला असेल तरच निकाल लागतो. जंत्री (जुन्या तारखा जुळवण्याचं कोष्टक) हाताशी ठेवाच.

महजर (गावसभेचा साक्षीदारांसह केलेला निवाडा) असेल तर साक्षीदार मोजा. पाटलाची सहीऐवजीची निशाणी नांगर. गावच्या बलुतेदारांच्या निशाण्या नसतील, किंवा सगळ्या एकाच हातच्या वाटत असतील, तर संशय घ्या.

शेवटी पुण्याच्या पुराभिलेखागारात त्याच गावाचे, त्याच सालचे कागद पाहा. इंग्रजी अमलातल्या इनाम कमिशनच्या चौकशीत (१८५२ चा ११ वा कायदा) इनामदारांना आपले पुरावे दाखवावे लागले. मठातलं पत्र त्या कागदांत कुठेच नसेल, तर ते तेव्हा का पुढे आलं नाही हे शोधा.